खिडकीजवळची जागा

आयर्लंडमधल्या डून लेरीच्या स्टेशनवर ते रोज सकाळी बाकावर बसलेले असायचे. डोक्याला मफलर गुंडाळलेले, मुलाकडे राहायला आलेले एक वऱ्हाडी काका. एकदा मला फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे त्यांची शिकवणी सुरू झाली.

"नागपूरचं तिकीट कसं काढतेत जी?"

स्क्रीन मफलरनं पुसून ते फोन माझ्यापुढे धरायचे. मी सांगायचो: तारीख, शाकाहारी जेवण, खिडकीजवळची जागा. दारावरची बेल दाबावी तसं ते प्रत्येक ठिकाणी जोरात बोट दाबायचे. पैसे भरायचं पान आलं, की मात्र सगळं रद्द करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी वैतागून मी म्हणालो, "काका, आता येतं की तुम्हाला. काढून टाका ना एकदाचं!"

ते स्क्रीनकडेच बघत राहिले.

"काढीन जी. पण उतरून जाऊ कुठी? तिथलं घर त इकलं. पोराले इथं घ्याचं होतं."

तेवढ्यात गाडी आली. मी उठलो, तेव्हा ते पुन्हा खिडकीजवळची जागा निवडत होते.