औषध न घेतलेली सोळा नाणी

पनवेलमधली मे महिन्याची दुपार, साठच्या दशकातली. मी मुंबईच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकत होते. सुट्टीला घरी आले... तर वहिनी मोरीत ओकत होती.

वहिनीला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, म्हणून आईने गव्हाण गावाकडच्या एका वैदूचं 'मुलगा होण्याचं' औषध आणलं होतं. ते घेतल्यापासून तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं... चेहरा पार उतरला होता.

"सगळ्यांना गुण येतो त्याचा," आई म्हणाली.

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला? चल, विचारून येऊ."

आईने आठवून आठवून सोळा जणी काढल्या. निघण्याआधी मी एकच अट घातली. "आकडा आधी ठरवायचा. समज, औषधात काहीच नाही. तरी निम्म्यांना मुलगे झालेच असते ना? मग सोळांत किती मुलगे निघाले तर म्हणशील, हा औषधाचाच गुण?"

आईने बराच विचार केला. "तेरा तरी."

मग आम्ही घरोघर फिरलो. एका घरी भात पाखडणारी बाई हसतच सुटली. "मला पोरगीच झाली. तो बोलला, पथ्य मोडलंस. आता मी काय मोडलं नाय गो!"... वैदूचं औषध कधी चुकतच नव्हतं. चुकायची ती बाईच.

मुलगे निघाले नऊ. आई खुलली. "बघ, निम्म्यांहून जास्त!"

क्षणभर मीही गडबडले. मग घरातली सोळा नाणी गोळा करून पातेल्यात घातली. छापा म्हणजे मुलगा, काटा म्हणजे मुलगी. आईने पातेलं हलवून नाणी चटईवर ओतली.

छापे आले दहा.

आईने पुन्हा ओतली... सात. मग नऊ. मग आठ. पुन्हा नऊ. एकदा तर अकरा! वहिनीही उठून जवळ येऊन बसली. तिघी चहा विसरलो. दिवे लागेपर्यंत नाणी पडत राहिली, पण तेरा काही एकदाही आले नाहीत.

पुस्तकात हे सगळं मी वाचलं होतं. पण समोर घडताना पहिल्यांदाच पाहत होते... कोणी काही न करता नाणी त्या सोळा घरांसारखीच पडत होती.

आईने चटईवरचं एक नाणं उचललं. मग हळूच म्हणाली, "या नाण्यांनी कुठं औषध घेतलं होतं गं?"

मी खरं तेच सांगितलं. "यावरून औषध खोटंच असं सिद्ध होत नाही आई. पण खरं मानायला काही आधार नाही, एवढंच."

"आधार नाही, तर हिने ओकायचं कशाला?" आई उठली आणि बाटली मोरीत रिकामी केली.

वहिनीला तिसरीही मुलगीच झाली. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. आईने बाळाला मांडीवर घेतलं आणि दुसरा हात वहिनीच्या डोक्यावर ठेवला. "रडू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही."

पुढे आयुष्यभर मी हाच विषय शिकवला... पण तो कशासाठी असतो, हे मला त्या एका वाक्याने कळलं.