छताला टेकलेला खांब

करकचेरीच्या दालनात समोरच्या भिंतीवर राज्यातल्या घरांच्या सरासरी करपात्र उत्पन्नाचे खांब रंगवले होते. वर्षाला एक. सगळे एकाच रंगाऱ्याच्या हातचे. त्याची रेघ इतकी सरळ, की सोबतचे त्याला ओळंबा म्हणत.

पहिला खांब गुडघ्याएवढा होता. गेल्या वर्षीचा छताला टेकला. यंदाचा आकडा त्याहून मोठा आला तसं नव्या साहेबाने ओळंब्याला बोलावलं.

"काका, सगळे पुसा आणि निम्म्या उंचीने पुन्हा काढा. सोमवारपर्यंत जमलं नाही तर छापील फलक लावतो."

ओळंबा तडक घराकडे निघाला. घरी येऊन बसला, उठला, धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले.

"अहो, पायाला भिंगरी लागलीय का?" बायको म्हणाली.

"मधला तो बुटका खांब आहे ना, पेरभर खाली बसलेला. माप निम्मं केलं की त्याचं बुटकेपण रेघेच्या जाडीतच जिरेल."

बुटका खांब म्हणजे कारखाना बंद पडला ते साल. ओळंबा एरवी तिथेच यंत्रं रंगवायचा. आळीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. त्याचा धाकटा भाऊ कामाच्या शोधात गेला तो परत आलाच नाही. एवढं होऊन राज्याची सरासरी पेरभरच खचली होती.

"सरासरीचं काय घेऊन बसलात!" बायको म्हणाली. "तुमची आणि कोपऱ्यावरच्या सराफाची काढा, मीसुद्धा बंगल्यात राहते."

"म्हणूनच म्हणतो. बाकीचे सगळे चढतेच आहेत. एक तरी खचलेला दिसू दे."

रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी साहेबासमोर उभा राहिला तो पक्कं करूनच.

"पुसायचं काही नाही. यंदाचा खांब भिंतीवरून छतावर वळवतो. माप तेच."

"छताकडे कोण बघतंय काका?"

"रांगेत उभा माणूस दुसरं करणार काय?"

साहेबाला हसू आवरलं नाही. "बरं. पण वाकडा दिसला तर फलक लागलाच म्हणून समजा."

परांची उभी राहिली. छत रंगवायचं म्हणजे ब्रश अर्धाच भिजवायचा, नाहीतर ओघळ कोपरापर्यंत येतो. मान मागे टाकून हात ताणला की खांदा भरून येतो. त्यात भिंत आणि छत काटकोनात नव्हते. खालून बघितलं तर खांब कोपऱ्यात मोडल्यासारखा दिसे. ओळंब्याने पुसला. पुन्हा सूत मारलं, दारापाशी जाऊन बघितलं, पुन्हा पुसला. बायको डबा घेऊन आली, तीच शेवटी शिडी धरून उभी राहिली.

"डावीकडे घ्या. अहो, माझ्या डावीकडे!"

तिसऱ्यांदा काढून झाला तेव्हा साहेब आला. एक डोळा मिटून खालपासून वरपर्यंत बघितलं.

"राहू द्या," म्हणाला आणि फलकवाल्याला नको म्हणून कळवायला आत गेला.

ओळंबा खाली उतरला, पण टेकला नाही. खांबाशेजारच्या छताखाली बसलेल्या कारकून बाईंना म्हणाला, "ताई, टेबल जरा सरकवता? पुढच्या खांबाच्या खुणा करून घेतो."

"अहो, अजून वर्ष आहे. आकडा तरी येऊ द्या!"

"उंची तुमच्या आकड्याची. रुंदी तर ठरलेलीच आहे. पुढच्या वर्षी ही मान वळेल न वळेल."

बाईंनी कुरकुरत टेबल ओढलं. ओळंबा पुन्हा शिडी चढू लागला.