मधल्या ओळीतला वाळा

अगं, चार दिवस तुझ्याकडे आलेय तर जरा जवळ सरक, तो फोन ठेव बाजूला. दरवर्षी "आत्या, माठात टाकायला वाळ्याची जुडी पाठव" म्हणतेस. ती येते कुठून, एकदा तरी विचारलंस?

तिकडे ओरत्तनाडू गावाच्या वाटेवर आमचं मुरमाचं रान आहे ना, तिथला मुरूम रस्त्यासाठी काढून नेला आणि मागं खड्डा राहिला, विहिरीसारख्या उभ्या काठांचा. मग ते काठ मोडून उतार केला, वर चांगली माती पसरली, आणि ती धरून ठेवायला आडव्या ओळींत वाळा लावला. लावणारी बाई जवळच्याच खेड्यातली. एकेक ठोंब टाचेनं दाबून बसवायची.

मी संध्याकाळी तिकडे फिरायला जायची. नव्या मातीतलं मूळ कसं अख्खं निघतं, आणि वास तर विचारूच नको! मधल्या ओळीतले ठोंब उपटायची, मुळं कापून पदरात घ्यायची, शेंडे परत मातीत खोचायची. परसात असंच करते मी, फुटतात की. पण परस सपाट, तिथं पाणी धावत नाही, हे डोक्यातच आलं नाही बघ. खरं सांगू? आलं होतं. म्हणून तर कुणी नसताना जायची.

ऐप्पसी महिन्यातल्या, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात मधला उतार घसरून खाली गेला. कामावर देखरेख करणारा मेस्त्री माझ्यादेखतच त्या बाईवर ओरडला, "नीट लावलं नाहीस! उद्यापासून येऊ नकोस."

ती माझ्याकडे वळली. "अम्मा, तुम्ही बघितलंय ना, कसं दाबून लावलं होतं?"

"दूध ठेवलंय गं चुलीवर," म्हणत मी निघाले. दूध कुठलं!

आठ दिवस माठातलं पाणी पिववेना. शेवटी तिच्या दारात जाऊन सांगितलं. तिनं सुपातले तांदूळ पाखडून संपवले. मग म्हणाली, "मागायचं होतं, अम्मा. कडेचे काढून दिले असते."

तिला घेऊन मेस्त्रीकडे गेले, त्याच्यापुढंही बोलले. कामावर घेतलंय तिला परत. पण आधी मला बघून हसायची, आता मान खाली घालून माती दाबत राहते.

परसातला सगळा वाळा तिला दिलाय, मधली ओळ परत लावायला. हाताखाली ठोंब द्यायला कुणी हवं म्हणाली, आणि माझे गुडघे उतारावर टिकत नाहीत. यंदा जुडी मागू नकोस. तूच ये तिकडे, पुढचा पाऊस यायच्या आत, लवकर ये.