काळी चार, पांढरी पाच

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचतो ते खाली ‘झोप पूर्ण घ्या’ अशी कमेंट टाकण्यासाठी. तिघांनी मला त्याबद्दल ब्लॉक केलंय. आज मीच लिहायला बसलोय हे त्यांना कोणीतरी जरूर कळवा… भूतबित मी मानत नाही. अजूनही नाही. पण जे झालं ते झालं.

जागा – डोंबिवली पूर्व, सासूबाईंचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वेळ – रविवार, दुपारचे चार, लख्ख उजेड. मी आणि माझी बायको शलाका ठाण्यात खोपटला राहतो, रविवारी तिकडे जातो. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सासरे गेल्यापासून एकट्या असतात आणि दुपारच्या चहाआधी त्यांचं एक ठरलेलं काम असतं – रेकॉर्ड प्लेअरवर एक जुनी भावगीताची तबकडी लावायची आणि तिच्याबरोबर गायचं. लग्नाआधी त्या कार्यक्रमांतून गायच्या. “अजून मूळ पट्टीत गाते हो, काळी चार,” हे आलेल्या प्रत्येकाला सांगणार. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. लहानपणी दोन वर्षं मी पेटी शिकलेलो, तेवढं मला कळतं.

प्लेअर सासऱ्यांनी लग्नानंतर घेतलेला. घरघर करायचा. असलं काही मला बघवत नाही – हात शिवशिवतात. याच हातांनी मी आमचा मिक्सर दुरुस्त केला होता. तो आता सुरू होतो, पण बंद होत नाही, प्लग काढावा लागतो. तरीही मी प्लेअर उचलला आणि टेंभी नाक्याजवळच्या सावंतकाकांकडे नेला. नवी मोटर, नवा बेल्ट, नवी सुई. जुनं सामान त्यांनी पिशवीत घालून दिलं, ते मी मोठ्या ऐटीत जाताजाता कचराकुंडीत टाकलं.

रविवारी लावला. काय आवाज! घरघर नाही, खरखर नाही. सासूबाई खूश. गायला लागल्या… आणि अंतऱ्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा फाटला.

“गेला वाटतं गळा,” त्या म्हणाल्या.

“नाही हो आई, मशीन नवीन आहे, जरा सवय—”

“मशीनला कशाला नावं ठेवताय, मंदारराव? किती स्वच्छ वाजतंय. तुम्ही छान केलंत.”

तबकडी कव्हरात घातली, कपाटात ठेवली आणि चहा टाकायला उठल्या. ते ‘छान केलंत’ मला पार ठाण्यापर्यंत टोचत होतं.

घरी आल्यावर मोबाईलमधला त्यांचा जुना व्हिडिओ काढला. जुन्याच प्लेअरबरोबर गातानाचा. सूर दाखवणारं एक अ‍ॅप असतं, त्यावर तपासला. पांढरी पाच. म्हणजे अर्धा सूर खाली! जुनी मोटर थकलेली, बेल्ट सैल, तबकडी वर्षानुवर्षं हळू हळू फिरायला लागलेली… आणि तिच्याबरोबर सासूबाईंचा गळाही अर्धा सूर उतरलेला. दोघं बरोबरीने उतरले, म्हणून कोणाला कळलंच नाही. मी मशीनला पुन्हा तरुण केलं आणि सासूबाईंना खाली सोडून दिलं.

“सांग तिला सरळ,” शलाका म्हणाली.

“काय सांगू? तुमची काळी चार कधीच गेली, आई?”

“नको सांगूस.”

“मग त्यांना वाटत राहणार, गळाच गेला.”

“तेही नको. मंदार, तू मिक्सरपर्यंतच बरा होतास.”

पुढचे तीन रविवार त्या गायल्या नाहीत. रोजच्या फोनवर शलाकाशी अर्धा तास बोलणारी बाई ‘हो, जेवले, ठेवते’ वर आली. मी सावंतकाकांकडे गेलो. म्हटलं, स्पीड कमी करून द्या.

“लोक माझ्याकडे बरोबर करायला आणतात. तुम्ही बिघडवायला?” पण सांगितलं – मोटरखाली एक स्क्रू आहे, किंचित फिरवा.

चौथ्या रविवारी खिशात स्क्रू ड्रायव्हर घालून गेलो. सासूबाई आत पडल्या होत्या. तबकडी काढून लावली, अ‍ॅप सुरू केलं. काळी चार. आता प्लेअर बंद करून उलटा करणार, तेवढ्यात त्या बाहेर आल्या.

“लावलंत होय?” म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या.

आणि गाणं खाली उतरलं. स्क्रीनवर पांढरी पाच. सासूबाई आधी गुणगुणल्या, मग मोकळ्या आवाजात गायला लागल्या. वरच्या सुरावर गेल्या, तिथे थांबल्या, सावकाश खाली आल्या. स्वयंपाकघराच्या दारात शलाका झारा हातात घेऊन उभी. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिला स्क्रू ड्रायव्हर दाखवला आणि मान हलवली – हात नाही लावला.

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. तबकडी पुन्हा काळी चार. बाहेर आल्या – पांढरी पाच!

आता मी पडलो संशयी. शलाकाची एक टिकली तबकडीखालच्या चकतीच्या कडेला चिकटवली आणि मोबाईलवर वेळ लावून फेरे मोजले. तीन मिनिटांत शंभर हवेत. सासूबाई खुर्चीत असताना शंभर. आत असताना शंभर. फिरण्याचा वेग तोच, मग सूर उतरतो कसा? सावंतकाकांना विचारलं. ते म्हणाले, असं होऊच शकत नाही, कान दाखवून घ्या. दाखवले. कान उत्तम आहेत.

तुम्ही म्हणाल, सासरे. मलाही वाटून गेलं. पण बल्ब बदलायलासुद्धा ते वॉचमनला बोलवायचे. हे इतकं नाजूक काम त्यांना जमलं असेल तर माझा त्यांना साष्टांग नमस्कार. दुसरं कोणी करत असेल तर त्यालाही. माझी चूक कोणीतरी गुपचूप निस्तरली आणि एका म्हाताऱ्या बाईचा मान राखला… याहून जास्त मला आजही सांगता येत नाही. या गोष्टीला वर्ष होत आलं.

परवा गाणं संपलं तेव्हा मी प्लेअरजवळच बसलेलो. सासूबाईंनी पदराने कपाळ पुसलं, माझ्याकडे जरा रोखून बघितलं.

“मंदारराव, अजून काही सुधारायचं राहिलंय का त्यात?”

“नाही आई,” मी म्हटलं. “आता काही नको.”