पहिल्या सीझनमधलं जेवण

वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आईला तपासून सांगितलं, "तोंडाने काही जात नसेल तर नळी घालावी लागेल."

आईची आठवण चार वर्षांपासून झिजत होती. वडील गेल्याचं सांगितलं की ती रडायची, आणि घटकाभरात विसरायची. मनात एकच शिस्त टिकून होती: नवरा जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही.

"ते जेवले?"

"जेवले, आई."

"मग ताट कुठाय?"

मी भातात बोटं फिरवून एक उष्टं ताट तयार केलं. आई म्हणाली, "हे तू चिवडलंय."

बाहेरच्या खोलीत सांत्वन चालू होतं. वडील इथल्याच हिंदी मुलखात, खकनारच्या तहसिलीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. एका पुढाऱ्याने त्यांना वटवृक्ष केलं, दुसऱ्याने दीपस्तंभ. तापीकाठी दीपस्तंभाचं काय काम, हे कुणी विचारलं नाही.

आजीचं मन रमावं म्हणून माझ्या मुलीने लॅपटॉपवर एक कार्टून मालिका लावली. परदेशी कुटुंब, बोलणं हिंदीत. सीझन पहिला. चित्रं वाकडीतिकडी, आवाज अजून पात्रांना न जुळलेले. आपण पुढे गाजणार आहोत हे करणाऱ्यांनाच माहीत नसावं, त्यामुळे कुठे ऐट नव्हती. टकला बाप कामावरचे अपमान गिळून घरी येतो, मुलं भांडतात, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी सगळे टेबलाशी बसून सूप पितात. बस, एवढंच.

आईने मान वर केली. "जेवले ते?"

"हाँ आजी, जेवले ना. देख," मुलीने पडद्यावरच्या बापाकडे बोट दाखवलं.

आईने तोंड उघडलं. आठ-नऊ घास गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

दापोऱ्याहून आलेली आत्या कडाडली, "काय रे बापा, भाऊच्या सुतकात टीव्ही? लोक हासतीन!"

"लॅपटॉप आहे, आत्या."

"मोठा वकील!"

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तुहा तो टकल्या लाव लवकर. वहिनीचा भात थंडा होऊन राहिला."

रोज दोन जेवणं, दोन भाग. दहाव्या दिवसापर्यंत सीझन संपला. दुसरा लावला. चित्रं गुळगुळीत, संगीत भारी, पाहुणे कलाकार. टेबल मात्र गायब. बाप गाडी चालवताना काहीबाही खायचा. यश आलं की माणसं घरी जेवत नाहीत. आईने ओठ घट्ट मिटले. आम्ही निमूट पहिल्या सीझनकडे परतलो.

तेराव्याला मांडे झाले, वडिलांच्या आवडीचे. आत्याने मांड्याचा तुकडा दुधात भिजवून आईपुढे धरला. पडद्यावर टकल्या सूप पीत होता. आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"घरात मांडे असताना हा असलं पाणी पितोय? हे आमचे नव्हेत. ते कुठायत?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"आई, ते गेले."

या वेळी ती रडली नाही. "जेवून गेले?"

वडील पहाटे गेले होते, चहासुद्धा न घेता.

"हो," मी म्हणालो.

या वेळी तिने उष्टं ताट मागितलं नाही, नुसतं माझ्या बोटांकडे पाहिलं. आत्याचा हात तसाच पुढे होता, दूध वाटीत ठिबकत होतं. आईने तोंड उघडलं नाही.