लालबागच्या गच्चीवर सुकलेले टायर

एप्रिलच्या उकाड्यात मुंबईला जाऊ नका, असं मी याच ब्लॉगवर वाचकांना बजावलेलं आहे. आणि यंदा एप्रिलमध्येच मी गेले. कारणं दोन होती आणि दोन्ही लालबागच्या एकाच चाळीत, माझ्या माहेरी होती: माझा वर्षाचा मालवणी मसाला आणि माझ्या मुलीचे टायर.

मसाल्याचं कोणालाही कळेल. टायरचं सांगते. माझी मुलगी सई नाशिकला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवते. डर्ट ट्रॅक रेसिंग. शहराबाहेरचं एखादं मैदान घ्यायचं, त्यावर उंचवटे आणि वळणं करायची, टँकरने पाणी मारायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याची धूळ करायची. या खेळात निम्मी मदार टायरवर असते. टायर जुना झाला की रबर कडक होतं आणि वळणावर माती धरत नाही. मग काही जण टायरला 'औषध मारतात'. म्हणजे कसली कसली रसायनं चोपडून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. रबर नरम पडतं, चाक मातीला चिकटून चालतं. माझा मोठा भाऊ सुहास, म्हणजे सईचा मामा, यात पटाईत. तरुणपणी तो स्वतः शर्यतीत उतरायचा, पुढे परळला गॅरेज काढलं. आता गॅरेज नाही, पण औषध आहे. सईचे जुने टायर दर वर्षी त्याच्याकडेच जातात.

सईच्या क्लबात यंदा यावरून चांगलीच जुंपली होती. औषध मारलेल्या टायरवर बंदी घालायची की नाही, हे पुढच्या आठवड्यातल्या सभेत हात वर करून ठरणार होतं. दोन्हीकडची माणसं जवळपास सारखी, त्यामुळे सईच्या हाताला एकदम भाव आला होता. बंदी येऊ नये अशी दादाची इच्छा होती. सईचं काही ठरलं नव्हतं. "तिथे जाऊन बघते," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी गाडी काढली. नाशिकहून येणाऱ्यांसाठी सांगते, इगतपुरीला समृद्धी महामार्ग धरलात तर कसारा घाट टळतो. बोगदे थंडगार आहेत आणि रस्ता इतका सरळ की डोळा लागायची भीती. ही मेहेरबानी भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतच. पुढे ठाण्यापर्यंत ट्रकांच्या मागे रांगत जायची तयारी ठेवा. शीव ओलांडून दादरला आलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. एका जुन्या खानावळीत सुरमईची आमटी आणि भात खाल्ला. वाढणाऱ्या गृहस्थांनी सईला न विचारता दुसऱ्यांदा सोलकढी ओतली आणि तिनेही न बोलता ती प्यायली. लालबागला गाडी लावायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका. आम्ही परळच्या एका पैसे देऊन लावायच्या तळावर ती सोडली आणि सामान घेऊन चालत गेलो.

चाळीत आमचं स्वागत मंदावहिनीने केलं आणि दादाने आम्हाला पाणीही प्यायला न देता थेट गच्चीवर नेलं.

गच्चीचं दार उघडलं आणि वास डोक्यात गेला. रॉकेल, रंगाचं थिनर आणि गोडसर असं काहीतरी. अर्ध्या गच्चीत जुन्या चादरींवर मिरच्या पसरल्या होत्या, लालभडक. आमच्या चाळीत एप्रिलमध्ये प्रत्येक घराला गच्चीचा आठवडा ठरवून दिलेला असतो. हा आठवडा वहिनीचा आणि शेजारच्या कांबळेताईंचा. दोघी मिळून मसाला करतात आणि त्यातला एक वाटा माझा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सईचे दोन टायर उभे होते.

"दाब," दादा म्हणाला. "नखाने दाब. बघ कसं जागं झालंय रबर."

सईने नख दाबलं. नख रुतलं.

"मामा, वास केवढा येतोय!"

"वास? कसला वास? उडाला सगळा. मी रोज चेक करतो ना."

सईने माझ्याकडे पाहिलं. मी नाकाला पदर लावला होता. दादाला वाटलं, नाशिकला राहून आमची नाकं नाजूक झाली आहेत, आणि तसं त्याने बोलूनही दाखवलं.

ऊन उतरल्यावर दादा आणि वहिनी मिरच्या झाकायला पुन्हा वर गेले. समुद्र जवळ, रात्री दमट हवा, त्यामुळे उघड्या ठेवून चालत नाही. दादाने जाड प्लास्टिक झटकलं आणि मिरच्यांवर अंथरून कडांवर विटा ठेवल्या. प्लास्टिक छान जाड आहे असं मी म्हटलं. "टायरचंच आहे," तो म्हणाला. "धुऊन घेतलंय मी. नवीन कशाला आणायचं?" आठवडाभर सर्दीने बेजार झालेली वहिनी नाक पुसत दुसरी कड धरून उभी होती.

शनिवारी सई आणि मी गिरगावात गेलो. लालबागहून बस मिळते, पण आम्ही काळीपिवळी टॅक्सी केली. भायखळ्याच्या भाजीबाजारापाशी ती इतकी रेंगाळली की चालत गेलो असतो तर बरं, असं वाटलं. फणसवाडीत प्रभुणे सर राहतात. सर ऑटोमोबाईल शिकवायचे. आता क्लबच्या रेसला तपासणीस म्हणून येतात आणि बंदीचा ठराव त्यांनीच मांडला आहे. सईला त्यांचं म्हणणं समोर बसून ऐकायचं होतं. सरांनी आम्हाला पियुष दिलं आणि एक घड्याळासारखं यंत्र टेबलावर ठेवलं.

"याची सुई रबरात टोचायची. रबर किती नरम ते काटा सांगतो," सर म्हणाले. "पण नवा महागाचा टायरही नरमच असतो. यंत्राला दोन्ही सारखेच."

"मग तुम्ही पकडता कसं?"

"वाकून वास घेतो. पोरं हसतात मला. पण तुझ्या मामाचा टायर मी दहा पावलांवरून ओळखतो."

सई हसली नाही. "सर, दर रेसला नवे टायर घालणारे आहेत. त्यांना तुम्ही काही म्हणत नाही. मामाचं म्हणणं असं की, ज्याच्याकडे जुनाच टायर आहे त्याने काय करायचं? औषधामुळे तो निदान बरोबरीला तरी येतो."

सरांनी यंत्र उचलून बाजूला ठेवलं. "याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. पण ते औषध हाताला लागतं, नाकातोंडात जातं. पोरं घरात करतात गं हे, बंद खोलीत. ट्रॅकवर कोणी पडलं तर मी बघू शकतो. घरात कोण बघणार?"

जिन्यावरून उतरताना सई म्हणाली की दोघंही बरोबर आहेत आणि हे फार वाईट आहे. मग आम्ही चौपाटीपर्यंत चालत गेलो. मला विचाराल तर गिरगावात जाऊन टायरवर इतकं बोलणारी आमच्यासारखी माणसं विरळाच. मिसळ मात्र खाल्ली, आणि ती उत्तम होती.

रविवारी सकाळी मसाला. ज्यांनी लालबागच्या मसाल्याच्या गल्ल्या पाहिल्या नाहीत त्यांनी एकदा जाच. रुमाल न्या. मिरच्यांची पोती, कढयांत भाजले जाणारे धणे, मसाला कांडणाऱ्या डंकांचा धाडधाड आवाज आणि शिंकणारी गिऱ्हाइकं. दादाच्या खांद्यावर मिरच्यांची पिशवी, वहिनीकडे बाकीचं सामान, सईच्या हातात वाटेत घेतलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी. आमचा मसाला वर्षानुवर्षं सुमनमावशींच्या डंकावर कांडला जातो. मावशी वेंगुर्ल्याच्या. त्यांनी पिशवीत हात घातला, मूठभर मिरच्या नाकाशी नेल्या आणि पुन्हा पिशवीत टाकल्या.

"सुहास, ह्या मी कांडूचंय नाय."

"का? काय झालं?"

"रॉकेलाचो वास मारता. माझ्या डंकाक लागलो तर मागसून येणाऱ्यांचो मसालो फुकट जातलो."

"काहीतरीच काय मावशी!" दादाने पिशवीत तोंड खुपसून खोल श्वास घेतला. "फर्स्ट क्लास मिरची आहे. कसला वास येतो?"

मी एक मिरची मोडून हुंगली. गच्चीवरचा तो वास तिच्यात जसाच्या तसा उतरला होता. आठवडाभर रोज संध्याकाळी ते प्लास्टिक पांघरून बसल्या होत्या बिचाऱ्या.

दादा वाद घालत होता. वहिनीशी, मावशींशी, माझ्या नाशिकच्या नाकाशी. सई त्याच्या मागे उभी होती. तिने बोंबलांच्या पिशवीचं तोंड उघडलं आणि हात पुढे करून पिशवी त्याच्या नाकाखाली धरली.

"मामा, डोळे मिट. काय आहे ते सांग."

दादाने खेळ समजून डोळे मिटले. दोनदा हुंगलं. "मिरची," तो म्हणाला. "शंकेश्वरी."

डंक चालूच होते. मावशींनी पदर तोंडाला लावला. मालवणच्या माणसाला, लालबागमध्ये, सुका बोंबील नाकाशी धरून ओळखता आला नाही. दादाने डोळे उघडले, पिशवीत बघितलं आणि बघतच राहिला. मी इतकी वर्षं प्रवासाबद्दल लिहिते, समोरचं टिपून ठेवायची सवय झाली आहे. पण तेव्हा मला तिथे उभं राहवेना. फार वाईट वाटलं.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"मला काय माहीत," दादा म्हणाला. "वास येत नाही हे कळणार कसं?"

वहिनी त्याच्यावर ओरडली नाही. मिरच्यांची पिशवी तिने स्वतः उचलली. चाळीत परतल्यावर दादा आपण होऊन कांबळेताईंच्या दारात गेला. प्लास्टिकचं सांगितलं, नाकाचंही सांगितलं. त्यांचाही वर्षाचा मसाला होता, राग यायला हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, "मिरच्यांचं बघू हो. आधी डॉक्टरकडे जा." मग जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "आणि गॅसपाशी एकटे उभे राहू नका."

जेवणं झाल्यावर दादाने टायर खाली आणून ठेवले. नायलॉनच्या दोरीने बांधलेले, नेहमीसारखे.

"घेऊन जा. झाले ते झाले आता," तो सईला म्हणाला. "मेहनत आहे त्याच्यात."

"मामा, मी बंदीच्या बाजूने हात वर करणार आहे."

"माझ्या नाकासाठी?"

"हो."

"आणि जुन्या टायरवाल्यांचं काय?"

"ते मला माहीत नाही," सई म्हणाली. "तुझं खरं आहे ते. तरी मी हात वर करणार."

दादाने दोरी सोडली, पुन्हा बांधली. मग टायर उचलून मोरीशेजारी ठेवले. आम्ही निघालो तेव्हा तो गाडीपर्यंत सोडायला आला, पण सगळा वेळ रस्त्यांचंच बोलला. भिवंडीकडून जाऊ नका, वगैरे. आम्ही मसाल्याशिवाय आणि टायरांशिवाय नाशिकला परतलो. ज्या दोन कामांना गेलो होतो त्यातलं एकही झालं नाही, असा हा माझा पहिलाच प्रवास.

सभेत बंदी मंजूर झाली, थोड्याच हातांच्या फरकाने. सईचा हात त्यात होता. बाहेर आल्यावर एका मुलाने तिला गाठून विचारलं, "ताई, माझे टायर दोन वर्षांचे आहेत. आता मी काय करू?" सईने त्यालाही तेच सांगितलं, माहीत नाही म्हणून. रेसला ती घरी पडून असलेल्या दुसऱ्या जुन्या, कडक टायरवर उतरली आणि बरीच मागे राहिली. पहिला आलेल्याचे टायर कोरे करकरीत होते. प्रभुणे सरांनी वाकून त्यांचा वास घेतला आणि ते पुढे गेले.

दादाला वहिनीने डॉक्टरकडे नेलं. रसायनांमुळे असेल, वयामुळेही असेल, नक्की सांगता येत नाही म्हणाले. थोडाफार वास परत येईल, कदाचित येणारही नाही. औषधाचे डबे त्याने गच्चीवरून काढले. कुठे नेऊन टाकले ते वहिनीलाही सांगितलेलं नाही.

मे संपता संपता वहिनीने नव्या मिरच्यांचा मसाला पाठवला. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"डबा उघडलास?"

"उघडते."

"वास कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? नीट सांग की."

मी डबा नाकाशी धरला. अशा गोष्टी मी ब्लॉगवर एका ओळीत उरकते. आधी धणे येतात, मी म्हटलं. मग मिरची, थोडी धुरकट. खाली त्रिफळ आहे, जिभेवर आल्यासारखं वाटतं. दगडफूल यंदा जरा जास्त पडलंय.

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे, आहे," दादा म्हणाला. "सावकाश सांग."