मक्याचा उपवास

आमच्या प्राणी-बचाव सेंटरवर कॉर्न स्नेक आला आणि किस्स्यांचा नुसता ढीग लागला. घरी सांगायला बसले की ताटातला भात गार होतो, तरी संपत नाहीत!

सिंगापूरमध्ये साप पाळायला बंदी. क्वीन्सटाउनच्या एका ब्लॉकखाली कुणीतरी याला बुटांच्या खोक्यात सोडून गेलं होतं. केशरी, बिनविषारी, पोटावर मक्याच्या रंगीत दाण्यांसारखे चौकोन. मी नाव ठेवलं मक्या. पंचाईत एकच, मक्या काही केल्या जेवेना.

* * *

त्याचे उंदीर फ्रोझन येतात. पहिल्यांदा मी ते डब्यात घालून पँट्रीच्या फ्रीजमध्ये ठेवले. आमच्या डॉक्टर, लिम मॅडम, यांनी डबा उघडला, शांतपणे बंद केला आणि आपल्या सिंगापुरी थाटात म्हणाल्या,

"तुझं लंच मला नको लाह, थँक यू!"

* * *

एका सकाळी मक्याचे डोळे दुधी-निळे! "मॅडम, मोतीबिंदू!" मी रडायच्या बेतात.

"अगं, कात टाकणारे तो."

आणि खरंच, मोजा उलटा काढावा तशी अख्खी कात निघाली. डोळे लख्ख! जेवण मात्र नाहीच. "अजून बारीक झाला तर कठीण आहे," मॅडम हळूच म्हणाल्या.

* * *

समीर आमचा व्हॉलंटियर, पुण्याचा आयटीवाला. तो काचेच्या पेटीत वर्तमानपत्र घालत होता. मक्याने घाबरून कागदावर शेपूट थरथरवली. खर्रर्र! समीर थेट टेबलावर.

"रॅटलस्नेक आहे हा, विषारी! फसवलंय तुम्हाला!"

त्याला उतरवायला मॅडमना हात द्यावा लागला.

* * *

आई पुण्याहून आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर आली होती. सापाच्या नावानेच घाम फुटणारी बाई! एकटी कंटाळेल म्हणून एका शनिवारी तिला सेंटरवर नेली. नेमकी मक्याच्या जेवणाची वेळ. मी, मॅडम आणि समीर, आम्ही तिघं नेहमीप्रमाणे काचेला नाक लावून, "खा रे बाळा, खा!"

"शी बाई, मला नाही बघवत!" आईने एसीसाठी घेतलेली शाल सरळ काचेवर टाकली. "चला बाहेर. चहा पाजा मला!"

चहा पिऊन आलो, शाल उचलली. उंदीर गायब! मक्याच्या पोटाला टम्म फुगवटा!

मॅडमनी कपाळावर हात मारला. "आपण बघत उभे राहतो, म्हणून खात नव्हता तो!" मग त्यांनी आईला मिठीच मारली. मला रडू आवरेना. त्या शालीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आई परत गेली, शाल मक्याकडेच राहिली. आता रविवारी फोन आला की पहिला प्रश्न, "जेवला का गं तो?"

"आई, मी अजून जेवले नाहीये!"

"मग जेव की! तुझ्याकडे कोण बघतंय?"